सिस्टरांनी सांगितलं होतं

मैत्रिणींनो, आज जे लिहिते आहे ते याआधी दोनदा लिहून फाडून टाकलं. एक तर विषय बायकांच्या दुखण्याचा, त्यातून आमच्याच घरातला. आणि त्यात चूक माझी. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या आमच्या ताईच, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, परवा म्हणाल्या, "लिही गं. माझं नाव तेवढं घालू नकोस, बाकी सगळं लिही." म्हणून हे तिसऱ्यांदा.

आमचं खांडबारा तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल. नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं एक स्टेशन. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं येतात तेव्हा गाव गजबजतं, एरवी सारं शांत. मी इथल्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. सकाळी शाळा, दुपारपासून घर. दुखणं जरा मोठं झालं की आमच्याकडची माणसं सुरतेची गाडी पकडतात. पुणं-मुंबई लांब, सुरत जवळ. "सुरतेला दाखवलं" म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. जणू तिथं पोचलो म्हणजे निम्मं बरं झालो!

ताई चौपन्न वर्षांच्या. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. त्या वर्षी गणपतीत मोदकांची उकड काढता काढता त्या हळूच मला म्हणाल्या, "अगं, मला मधूनमधून डाग दिसतोय." मी काय म्हणावं? "उष्णता असेल, सब्जा घेऊन बघा." नंतर एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं नाही, आम्हीही 'तपासा' म्हटलं नाही. दोघांनाही संकोच! पांढऱ्या पाण्याच्या म्हणून गोळ्या लिहून दिल्या त्यांनी.

त्याच सुमारास आशाताई घरोघर फॉर्म भरत फिरत होत्या. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाला तंबाखू खाता का, तोंडात व्रण आहे का, छातीत गाठ लागते का, पाळीव्यतिरिक्त रक्त जातं का, असे प्रश्न त्यात असतात. ताईंनी तिला खरं ते सांगितलं. दोन दिवसांनी उपकेंद्राच्या सिस्टर स्वतः घरी आल्या. जवळच्याच पाड्यावरची मुलगी, वय असेल तीस-बत्तीस. चहा घेता घेता सरळ म्हणाल्या, "ताई, पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तो तपासायचा असतो. तुम्ही उपकेंद्रात या, मी बघते. मला शंका आली तर नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात चिठ्ठी देते. पण उशीर करू नका."

सिस्टर गेल्या आणि मी ताईंना म्हटलं, "नर्सला काय कळतंय त्यातलं? एवढं नाजूक काम! दिवाळी होऊ द्या, आपण सुरतेला मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवू." घरात बी.ए. झालेली मी एकटी. माझा शब्द ताईंनी प्रमाण मानला.

दिवाळी झाली. मग भाच्याचं लग्न निघालं. मग तूर काढायला आली. संक्रांत गेली तेव्हा ताईंची कंबर इतकी दुखायला लागली की त्यांना हळदीकुंकवाला जाववेना, आणि लपवता येणार नाही अशी दुर्गंधीही येऊ लागली. फेब्रुवारीत सुरतेला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी पायरी. "कब से है?" त्यांनी विचारलं. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. "गणपतीपासून," मी म्हटलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या, पण बोलल्या काही नाहीत. त्यांनी रागावलं असतं तर मला सोसलं असतं.

गणपतीतच गेलो असतो तर रोग पहिल्या पायरीवर सापडला असता, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. मी नंतर विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाईही तसं म्हणाल्या नाहीत. पण सहा महिने आम्ही घालवले, ते काही सिस्टरांनी घालवले नाहीत.

त्यानंतर उधन्याला दिरांच्या घरी राहून उपचार झाले. पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस विजेचा शेक, आठवड्यातून एकदा केमोथेरपीची सलाईन, आणि शेवटी आतून द्यायचा शेक. मोठे डॉक्टर भेटायचे आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. त्यांचा दोष नाही, बाहेर बाकांवर दीडशे माणसं बसलेली असायची. बाकीचा सगळा वेळ आम्ही होतो तिथल्या नर्सेसच्या हाती. शेकासाठी ओटीपोटावर निळ्या शाईच्या खुणा करतात. ताई पहिल्याच दिवशी त्या साबणानं घासून काढणार होत्या, तेव्हा नर्सनंच थांबवलं. जुलाब सुरू झाले तेव्हा दूध बंद करून ताक-भात, केळं, मीठसाखरेचं पाणी द्यायला तिनं सांगितलं. सलाईनआधी रक्त तपासायचं. ताप शंभराच्या वर गेला तर घरची क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, रात्री कितीही वाजले असोत, फोन करायचा, हेही तिनं कागदावर लिहून दिलं. आणि शेकानंतर योनीमार्ग आक्रसतो, त्यासाठी काय करायचं, हे कुणा पुरुष डॉक्टरला विचारायला ताई या जन्मात धजावल्या नसत्या. ते तिनं पडदा ओढून, हळू आवाजात, आधी मला बाहेर घालवून, त्यांना समजावलं. मी बाहेर बाकावर बसून खांडबाऱ्याच्या सिस्टरांची आठवण काढत होते.

माझी एक मामेबहीण अमेरिकेत असते. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. फोनवर ती सहज म्हणाली, "आज नर्स प्रॅक्टिशनरकडे अपॉइंटमेंट होती." मी लगेच, "म्हणजे? डॉक्टर भेटले नाहीत?" बघा, एवढं होऊनही जुनी सवय जाते का! मग तिनं समजावलं. तिथं १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड नावाच्या परिचारिकेनं आणि हेन्री सिल्व्हर या डॉक्टरांनी अनुभवी नर्सेसना पुढचं शिक्षण देऊन रुग्ण तपासायला शिकवलं. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या चार माणसांना घेऊन डॉक्टरांच्या साहाय्यकांचा, म्हणजे फिजिशियन असिस्टंटचा, वर्ग सुरू केला. डॉक्टर कमी आणि माणसं फार, हेच दुखणं तिथंही होतं. आज तिथल्या कॅन्सरच्या दवाखान्यांत डॉक्टर उपचाराची दिशा ठरवतात आणि दोन भेटींच्या मधलं बरंचसं, म्हणजे मळमळीचं औषध बदलणं, रक्ताचे रिपोर्ट बघणं, उपचार संपल्यावर वर्षानुवर्षं तपासत राहणं, ही मंडळी करतात. आपल्याकडेही फिजिशियन असिस्टंटचे अभ्यासक्रम आहेत. २०२१ साली संबंधित आरोग्य व्यवसायांसाठी जो कायदा झाला, त्यात त्यांना जागा मिळाली आहे. पण तालुक्याच्या गावात तुम्हाआम्हाला भेटणार त्या सिस्टरच, आशाताई, आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी. (आपल्याकडे हे बहुधा बी.ए.एम.एस. किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेले असतात.)

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं सोडा, आपल्या सिस्टरांना जमेल का? हा प्रश्न मलाही होता. उत्तर मिळालं ते बार्शीचं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. तिथं १९८७ साली खेड्यांतल्या कॅन्सररोग्यांची नोंदवही सुरू झाली, खेड्यांसाठीची भारतातली पहिलीच. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. नेने यांनी हे काम उभं केलं. नोंदी करणारे कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, लोकांशी बोलायचे, कोणती लक्षणं दिसली तर दवाखान्यात यायचं ते सांगायचे. एवढंच! यंत्र नाही, औषध नाही. आणि काही वर्षांत असं दिसलं की तिथल्या बायका या कॅन्सरसाठी पूर्वीपेक्षा लवकरच्या पायरीवर येऊ लागल्या. नुसत्या बोलण्यानं! आमच्या घरीही सिस्टर येऊन बोलल्या होत्याच की.

पुढं बार्शीच्याच मंडळींनी उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला. गावातच तपासणी मांडायची आणि करायची ती शिकवून तयार केलेल्या परिचारिकांनी. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्या गटात परिचारिकांनी नमुना घेऊन त्यात एचपीव्ही नावाचा विषाणू आहे का ते तपासलं, त्या गटात पुढं वाढलेले कॅन्सर आणि त्यानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा विषाणूच या कॅन्सरच्या मुळाशी असतो.

मुंबईची गोष्ट तर मला शाळेतल्या मुलींना सांगावीशी वाटते. १९९८ पासून टाटा हॉस्पिटलनं तिथल्या झोपडपट्ट्यांत पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे दीड लाख बायका घेतल्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी. ती कुणी करायची? दहावीपर्यंत शिकलेल्या, त्याच भागातल्या बायकांनी! त्यांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ साली शिकागोच्या कॅन्सर परिषदेत हे मांडलं. त्याच बायकांनी हातानं स्तनही तपासले होते. त्याचा निकाल २०२१ मध्ये आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले होते. (पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक पडला नाही.) दहावी शिकलेल्या बाईनं चार आठवड्यांत हे हस्तगत केलं, आणि मी बी.ए. होऊन विचारत होते, नर्सला काय कळतंय!

ती तपासणी असते तरी काय? ऐकून हसाल, तिचा संबंध आपल्या फडताळातल्या व्हिनेगरच्या बाटलीशी आहे. व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं सौम्य ॲसिटिक ॲसिड. तपासणीसाठी तसंच तीन ते पाच टक्के तीव्रतेचं ॲसिड वापरतात. ते गर्भाशयाच्या तोंडाला कापसानं लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. बिघडू लागलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. बास. प्रयोगशाळा नको, रिपोर्टसाठी खेप नको. (म्हणून घरची बाटली घेऊन घरी प्रयोग मात्र अजिबात करायचा नाही हं! बघणारा डोळा तयार असावा लागतो.)

ताई सुरतेहून परतल्यावर मी स्वतः गेले. वय अडतीस, दोन मुलं, काही त्रास नाही. त्रास नसतानाच जायचं असतं, कारण विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात तो रस्त्यातच अडवता येतो. पाळी चालू असताना जायचं नाही. गरोदर असाल तर आधी तसं सांगायचं. आधी लघवीला जाऊन यायला सांगतात. मग पडद्यामागे टेबलावर गुडघे दुमडून झोपायचं. सिस्टर प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या. "आता थंड लागेल… आता श्वास सोडा." स्पेक्युलम नावाचं साधन आत घालतात तेव्हा जरा ताण वाटतो. ॲसिड किंचित चुरचुरतं. छताकडे बघत मी साठ आकडे मोजले. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर बसलेल्या पाड्यावरच्या बायकांशी त्या मावचीत बोलत होत्या आणि त्या खुदुखुदु हसत होत्या. मनात आलं, आम्हाला नावाजलेले डॉक्टर हवेत. या बायकांना आपल्या भाषेत बोलणारी सिस्टर मिळाली तेव्हा त्या टेबलावर चढायला तयार झाल्या. आदिवासी भागात साधारण तीन हजार माणसांमागे एक उपकेंद्र धरलेलं असतं. तेवढ्यांना घरोघर ओळखणारं दुसरं कोण आहे?

मी सिस्टरांची माफी मागितली. त्या हातमोजे काढत म्हणाल्या, "तुम्ही एकट्याच नाही हो, मॅडम." एवढंच. मला फार लागलं ते.

आता त्यांनीच मला बजावून सांगितलेलं सांगते. पांढरा भाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुष्कळदा ती साधी सूज असते, किंवा कॅन्सरच्या खूप आधीची अवस्था. ती थंड किंवा गरम उपकरणानं तिथल्या तिथं जाळून टाकता येते, गर्भाशय काढावं लागत नाही. थायलंडच्या रोई एत प्रांतात तर शिकवलेल्या परिचारिकाच एका खेपेत तपासणी आणि हा उपचार दोन्ही करायच्या. आपल्याकडे पुढची तपासणी आणि उपचार डॉक्टर करतात, म्हणून चिठ्ठी मिळाली की जायलाच हवं. सिस्टरांची खंत हीच, की चिठ्ठी दिलेल्या बायका घाबरून घरी बसतात. दुसरं, पाळी गेल्यानंतर बघायचा तो भाग आत सरकतो, त्यामुळे व्हिनेगरची तपासणी तितकी भरवशाची राहत नाही. अशांनी पॅप किंवा एचपीव्हीची तपासणी कुठं होते ते विचारून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ पासून एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते. आणि ताईंसारखं रक्त जात असेल, संबंधांनंतर डाग दिसत असेल, तर नुसत्या चाळणीवर थांबायचं नाही. डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायला हवं. सिस्टर ते दार उघडून देतात, हे त्यांचं काम. मी त्यालाच नाक मुरडलं होतं.

त्याच भेटीत त्या तोंडही बघतात आणि स्तनही. मशेरी लावणाऱ्या बायका आमच्या भागात कमी नाहीत. गालात आतून पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरतं न उघडणं, पंधरा दिवसांत न भरलेला व्रण, हे टॉर्चच्या उजेडात दिसतं. हे सगळं सरकारी दवाखान्यात, पैसे न घेता. तरीही २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात पुरत्या दोनही नाहीत! नवऱ्याच्या रक्तदाबाचा आकडा आपल्याला तोंडपाठ असतो.

ताईंचे उपचार संपून आता वर्ष होऊन गेलं. तीन महिन्यांनी सुरतेला जाऊन दाखवायचं असतं, मधल्या काळात तिथली नर्स फोन करते. लघवीला जळजळ आहे का, पाय सुजतो का, डाग दिसतो का, असं विचारते. ताई तिला आमच्या जिन्नसांसुद्धा सगळं सांगतात. पुढं काय होईल ते आज कुणालाच ठाऊक नाही. त्या स्वयंपाक करतात, मिरच्या वाळत घालतात, मधूनच थकून बसतात. माझ्याशी एकदाही त्या विषयावर बोलल्या नाहीत. फक्त गल्लीतली कुणी "पाळीचा त्रास आहे" म्हणाली की तिचा हात धरून तिला उपकेंद्रात नेतात.

येत्या बुधवारी सिस्टरांचा तपासणीचा दिवस आहे. ताई चौघींना घेऊन जाणार आहेत, शाळेतल्या एक बाई माझ्याबरोबर येणार आहेत. शेजारच्या काकूंचं मात्र नक्की होत नाही. त्या दिवशी त्यांनी पापडांचा घाट घातलाय म्हणे. मी त्यांना सांगून ठेवलंय, तुम्ही जाऊन या, पीठ मी कुटून ठेवते.